वाडगा आणि वाडा

यंदा पावसाळा सरता सरता गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, आमच्याच पंचायतीतल्या शेजारच्या गावात एका जुन्या घरात रामेनचे रेस्टॉरंट उघडले. तेव्हापासून म्हापशाच्या बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात एकच वाद कानांवर येतो आहे. एका बाजूचे म्हणणे असे की शीत-कडीच्या, म्हणजे भात आणि माशाच्या कालवणाच्या, मुलखात हे जपानी शेवयांचे पाणी कशाला? एका वाडग्याला साडेसातशे रुपये, वाढणाऱ्याला ना कोंकणी कळते ना मराठी, आणि रात्री दारात परराज्यांतल्या गाड्यांची रांग. गोवा असाच हातचा जाणार. दुसरी बाजू म्हणते, मिरची पोर्तुगीजांनी आणली, पाव त्यांनीच आणला, काजू ब्राझीलमधून आला. ते सगळे गोड लागते, मग रामेनने कुणाचे काय घोडे मारले? नको असेल त्याने खाऊ नये. दोन्हीकडची माणसे माझ्या ओळखीची आहेत, दोघांचीही तळमळ खरी आहे, आणि तरीही मला वाटते की दोघेही चुकीच्या जागी खणत आहेत. रामेन कुठून आले हा प्रश्न या भांडणात बिनकामाचा आहे. ते ज्या घरात शिजते त्या घराचे, तिथल्या विहिरीचे, आत राबणाऱ्या पोरांचे आणि त्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या त्या वस्तीत, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे. वाडग्यावर भांडता भांडता आपण वाडा विसरलो आहोत.

मी तिथे जाऊन जेवले. माझी भाची तिथल्या स्वयंपाकघरात आहे. हॉटेलचे शिक्षण पुरे करून ती आधी किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात होती. दुपारी तीनच्या सुमाराला, गर्दी नसताना, तिने मला आत नेले. कंबरेएवढ्या पातेल्यात डुकराची हाडे आदल्या रात्रीपासून उकळत होती. उकळी खळखळती ठेवली की हाडांतली चरबी आणि चिकट अंश पाण्यात मिसळतो आणि रस दुधासारखा पांढरा होतो. क्यूशू बेटावरच्या कुरुमे-फुकुओका भागाची ही रीत. शेवयांच्या पिठात क्षाराचे पाणी घालतात, त्याने त्या पिवळसर होतात आणि कढत रसातही चिवट राहतात. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो, त्याच जातीचे हे काम. वाडग्याच्या तळाशी खारट अर्क, त्यावर रस, मग शेवया, मांसाचे काप आणि अर्धे कापलेले अंडे, बलक मधासारखा दाट. माझ्यापुढे ठेवताना ती म्हणाली, "मावशे, बेगीन खा. शेवयो फुगतल्यो." लवकर खा, शेवया फुगतील. हे अन्न गप्पा मारत, निवांत बसून खायचे नव्हे. जपानात माणसे आवाज करत भुरके मारतात, वाडगे तोंडाला लावून रस संपवतात आणि उठतात. आपल्याकडे कढीचा भुरका मारणाऱ्याला कोणी अडाणी म्हणत नाही, तसेच ते. चव मला मनापासून आवडली. हे आधीच सांगते, कारण पुढचे काही नावडीतून लिहिलेले नाही.

आता "जपानी" या शब्दाकडे पाहू. १८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले, तिथे चिनी माणसे येऊन राहिली आणि त्यांच्यासोबत गव्हाच्या शेवया आल्या. १९१० साली तोक्योच्या आसाकुसा भागात राइराइकेन नावाचे दुकान निघाले, तेही योकोहामातल्या चिनी आचाऱ्यांना घेऊन. कित्येक वर्षे या पदार्थाचे नावच "शिना सोबा", म्हणजे चिनी शेवया, असे होते. त्या नावात तुच्छताही होती. ते कामगारांचे, रात्रपाळीवाल्यांचे, गाड्यावरचे खाणे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात भाताची टंचाई झाली, अमेरिकेतून गहू आला, त्यातून पाव आणि शेवया दोन्ही वाढले. १९५८ साली झटपट रामेन काढणारा मोमोफुकु आंदो जन्माने तैवानचा. आज ज्याला आपण जपानचे राष्ट्रीय अन्न म्हणून एकतर डोक्यावर घेतो किंवा हाकलू पाहतो, ते शंभर वर्षांपूर्वी जपानातच परक्यांचे होते. रामेनचा गाडा ढकलत रात्री फिरणारा विक्रेता एक पिपाणी वाजवायचा. तिला चारुमेरा म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीज चारामेला या शब्दावरून आला आहे. पहाटे आमच्या दारात सायकलचा भोंगा वाजवत पाव विकणाऱ्या पोदेराची आठवण कुणाला होणार नाही?

गोवा आणि जपान यांची ओळखही कालची नाही. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर जपानला निघाला तो गोव्याहूनच, आणि त्याच्याबरोबर होता गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयात राहून शिकलेला आंजिरो नावाचा जपानी माणूस. १५८७ साली युरोपहून परतणारी चार जपानी मुले गोव्यात थांबली होती. त्यांच्यातल्या हारा मार्तिनोने इथे लॅटिनमध्ये भाषण केले. जपानी लोक आजही पावाला "पान" म्हणतात. आमचा पाव आणि त्यांचा पान एकाच पोर्तुगीज शब्दाची दोन पोरे आहेत. तेम्पुरा, म्हणजे जपानी भजी, तळण्याची रीतही त्याच गलबतांतून तिकडे उतरली.

इथवर वाचून दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील. पण त्यांच्याशी माझे मोठे भांडण आहे. पाव आला, मिरची आली, तसे रामेन आले, असे म्हणताना ते एक मोठी गोष्ट गाळतात. पाव पाहुणा म्हणून आला नव्हता. तो सत्तेबरोबर आला. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा कोकणात आणि वसईत पिढ्यांनी सांगितल्या आहेत. माझ्या आजीच्या घरी, पेडण्याला, पाव माजघरात येत नसे. आजोबांनी आणलाच तर पडवीत बसून खायचा, हात धुऊन आत यायचे. त्यात सूर, म्हणजे माडी, असते म्हणून, आणि बाटण्याची जुनी भीती होती म्हणूनही. आजी गेली १९८८ साली. शेवटच्या आजारपणात तिला दुसरे काही जात नव्हते, तेव्हा चहात बुडवलेल्या पोळीवर, म्हणजे इथल्या चपट्या पावावर, ती महिनाभर जगली. एका बाईच्या आयुष्यात पाव पडवीतून अंथरुणापाशी आला, त्याआधी त्याला चारशे वर्षे लागली होती.

तो आत आला कसा, हे महत्त्वाचे आहे. पाव इथे नुसता विकला गेला नाही, तो इथल्या हातांनी मळला. दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या गावांतून पोदेरांची घराणी उभी राहिली. रेंदेराने माडावरून काढलेली सूर घालून पीठ फुगवले, लाकडे घालून वाड्यावरच्या भट्ट्या पेटवल्या, सायकलीवरून दारोदार नेला. उंडो, पोळी, कांकण असे त्याचे इथलेच प्रकार झाले. आणि भाव सगळ्यांच्या हाताला येईल इतकाच राहिला. आजही पावामागे एक रुपया वाढवायचा म्हटला तर राज्यभर चर्चा होते, कारण तो कुणालाच सोडता येत नाही. योकोहामातल्या शेवयांचेही हेच झाले. गाडीवाल्यांनी त्या ओढल्या, मजुरांनी खाल्ल्या, साप्पोरोने त्यात आपले मिसो, म्हणजे सोयाबीनचे आंबवलेले वाटण, घातले, प्रत्येक प्रांताने आपला रस केला. म्हणून "पाव चालतो तर रामेन का नको" या प्रश्नाला माझे उत्तर असे: चालेल, पण पावाने जे केले ते करायला रामेनला इथे वाव आहे का? साडेसातशे रुपयांचे वाडगे, घराला लावलेले उंच फाटक, आत राबणाऱ्या कुणाचेच त्या वाड्याशी नाते नाही, अशा ठिकाणी एखादा पदार्थ चारशे वर्षे राहिला तरी परकाच राहील. दुकान आले म्हणून अन्न रुजले असे होत नाही.

आता पहिल्या बाजूला. त्यांचे दुःख मला जवळचे आहे, पण त्यांनी हातात घेतलेले शस्त्र भयंकर आहे. कुणी काय शिजवावे यावरून माणूस आपला की परका हे ठरवायचा प्रयोग या भूमीत होऊन गेला आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, एक फर्मान काढले. त्यात लग्नातली गाणी, हळद, पान-सुपारी यांच्यावर बंदी होती आणि हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवू नये असेही होते. शेजाऱ्याच्या चुलीवरचे पातेले उघडून पाहणारी सत्ता ज्यांच्या पूर्वजांनी भोगली, त्यांनी आज ताटावरून गोंयकारपण मोजावे? आणि आपले म्हणून जे ताट पुढे करतो, त्यातल्या हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, मिरची अमेरिकेची आहे. खोबरे, तिरफळ आणि सोले राहू दिली तरी लाल रंग निघून जाईल. शिवाय शेवया काय आपल्याला नवीन? गणपतीत नाही तर कुणी जावई आला की तांदळाच्या उकडीच्या शिरवळ्यो लाकडी साच्यातून दाबून काढतात, एक जण साच्यावर सगळा भार टाकतो, दुसरा खाली ताट फिरवतो, आणि त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. रामेनचे वाडगे पाहून भाचीच्या तोंडून "शेवयो" हाच शब्द आला. सुकवलेल्या माशाचा वासही आपल्याला नवा नाही. कुपा जातीचा मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा वाळवून जपानी लोक त्याच्या पातळ ढलप्या रसात घालतात. मे महिन्यात पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, खारे बांगडे आणि सुकी सुंगटे भरून ठेवणाऱ्या बायकांना त्यातली अक्कल समजावून सांगावी लागत नाही.

एक आक्षेप मात्र मी मान्य करते, आणि तो सगळ्यांत जड आहे. शीत-कडीची खानावळ खरोखरच मरते आहे. आमच्या तिठ्यावर एक होती. चार टेबले, पत्र्याचे छप्पर, भिंतीवर तिरुपतीचे कॅलेंडर. ताटात उकड्या तांदळाचे शीत, हुमण, रव्यात तळलेला बांगडा, तिसऱ्यांचे सुके, किस्मूर, वाटीत सोलकढी. चालवणारी बाई सकाळी सहाला बाजारात असायची. दोन वर्षांपूर्वी ती बंद झाली. का? जागेच्या मालकाने भाडे अडीचपट मागितले, कारण शेजारच्या घराला तेवढे मिळू लागले होते. नारळाचे भाव असे चढले की वाटपात हात आखडू लागला. बांगडा कधी मिळे, कधी नाही. तिच्याकडे कोण जेवायचे? पंचायतीचे कारकून, विजेच्या खात्यातले लाइनमन, बसचे कंडक्टर, शाळेतले मास्तर. त्यांच्यापैकी एक तरी रामेन खायला गेला म्हणून तिचे गिऱ्हाईक तुटले का? एकही नाही. खानावळ मेली ती मासा, माड आणि भाडे या तिघांनी. रामेनची पाटी नंतर लागली, आणि डोळ्यांत ती तेवढी सलते.

माशाचेच घ्या. जून-जुलैचे ६१ दिवस आपण समुद्र बंद ठेवतो, म्हणजे मासळीला वीण घालता यावी. आणि उरलेल्या दहा महिन्यांत? एलईडी दिवे लावून मासे गोळा करून ओढण्यावर २०१७ पासून बंदी आहे, तरी दिव्यांची तक्रार दरवर्षी होते. २०१६ साली झाडांच्या रक्षणाच्या कायद्यातून माड वगळला गेला, ओरड झाली, २०१७ साली तो पुन्हा झाड ठरला. हुमणाचा जीव या दोन ठिकाणी अडकला आहे. जपानी वाडग्याविरुद्ध जेवढा घसा आपण कोरडा केला त्याच्या पावपट तरी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध केला का?

रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठे जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, केला होता. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर अगदी किनाऱ्यालगत येऊन जाळी ओढू लागले, रापणीला मासा लागेना, तेव्हा ते रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणांसारखा शिक्षक त्यांच्या पुढे होता. ट्रॉलरवाल्यांत आपले गोमंतकीयही होते, म्हणून "आपले" आणि "परके" अशा भाषेत ते भांडण चालूच शकले नसते. त्यांनी मागितले ते अगदी मोजून मागितले: किनाऱ्याजवळचा पाण्याचा पट्टा रापणीसाठी राखून ठेवा. १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला तो त्या रेट्यातून. जमीन कशासाठी वापरायची हे २०११ सालापर्यंत ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक उठले तेव्हाही तसेच. गावोगाव नकाशे पसरून सर्व्हे क्रमांक वाचले गेले, डोंगर कुठे कापणार आणि शेत कुठे बुजवणार हे बोटाने दाखवले गेले, आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. नगरनियोजन कायद्यात २०२३ साली आलेल्या १७(२) कलमामुळे एकेका मालकाच्या अर्जावर जमिनीचा झोन बदलता येऊ लागला. त्याचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, तेही कागद वाचणाऱ्या माणसांमुळे. गोव्यातली ही जी भांडणे लोकांनी जिंकली, ती सगळी पाणी, जमीन आणि नकाशा यांची होती. ताटावरून सुरू केलेले एकही भांडण जिंकल्याचे मला आठवत नाही.

रेस्टॉरंटवाल्यांच्या बाजूने आणखी एक म्हणणे येते, आणि ते मी टाळणार नाही. घर कुणी दिले? आपल्याच माणसाने. मुले लंडनला आणि लिस्बनला, कौले फुटलेली, वाळवी लागलेली, दर पावसाळ्यात एक भिंत फुगते. भाडेकरूने छप्पर नीट केले, शिंपल्यांच्या खिडक्या पुन्हा बसवल्या. ते घर पडले असते तर बरे झाले असते का? नाही. आणि काम? माझी भाची आज गावातून कामाला जाते. नाहीतर ती बोटीवर गेली असती, नाहीतर परदेशी. आपली माणसे मुंबईला धोबी तलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या वसतिगृहांत, राहून, बोटींवर आचारी होऊन, साहेबांची सुपे ढवळून घरे चालवत आली. परक्या पाककृतीवर पोट भरणे हे गोव्याचे शंभर वर्षांपेक्षा जुने काम आहे. त्यात लाज नव्हती, आजही नाही. म्हणूनच मी ते रेस्टॉरंट बंद करा म्हणत नाही.

पण मग त्याच तोंडाने पुढचेही विचारले पाहिजे. रामेनला पाणी फार लागते. रस उकळायला, शेवया उकडायला, आणि स्टार्चने जड झालेले ते पाणी दर थोड्या वेळाने बदलायला. ते कुठून येते? त्या घराच्या मागे चार घरांची सामाईक विहीर आहे. पूर्वी एप्रिलमध्येही कळशी बुडायची. आता रोज टँकर येतो, आणि टँकरचे पाणीही कुठल्या तरी गावच्या विहिरीचेच असते. सांडपाण्याची टाकी जुन्या घरात आठ माणसांपुरती बांधलेली, रात्री तिथे दीडशे माणसे जेवतात. रस्ता असा की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने थांबावे. पलीकडच्या घरात एक म्हातारी ऑक्सिजनवर आहे. रात्री साडेअकराला रुग्णवाहिका आत येईल का, हे कुणी मोजून पाहिले आहे?

आणि आत राबणारी मुले. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याला एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसे गेली. त्यांतली बहुतेक तिथेच नोकरी करणारी होती, दूरच्या राज्यांतून आणि नेपाळमधून आलेली. त्यानंतर मी कुठल्याही रेस्टॉरंटात गेले की स्वयंपाकघराला दुसरा दरवाजा आहे का ते पाहते. भाचीच्या स्वयंपाकघराला एकच आहे. मागची खिडकी गजांची. ती उकळत्या पातेल्याच्या आणि त्या दरवाजाच्या मध्ये दिवसाचे अकरा तास उभी असते. वाढणाऱ्या मुलाला कोंकणी येत नाही अशी तक्रार करणाऱ्या आमच्या लोकांनी तो मुलगा झोपतो कुठे हे विचारले का? मी विचारले. भाचीने हळूच सांगितले, सहा जण एका खोलीत, आणि भविष्यनिर्वाह निधी कापला जातो की नाही हे त्याला ठाऊक नाही. तो कोंकणी शिकेल, मराठीही शिकेल, इथे दहा वर्षे टिकला तर. मोसमापुरता आणून मोसम संपताच परत धाडलेला माणूस कुठली भाषा शिकणार?

मालकाला मी भेटले. तो ऐकून घेणारा माणूस वाटला. म्हणाला, परवाने सगळे आहेत. असतीलही. पंचायतीने ना-हरकत देताना विहिरीची खोली पाहिली नाही, हा त्याचा एकट्याचा दोष नाही. तो आमचाही आहे, कारण ज्या ग्रामसभेत तो अर्ज वाचला गेला त्या सभेला आम्ही मोजून एकोणीस जण होतो, आणि अर्धा तास गेला तो "हे सूप आपल्या संस्कृतीत बसते का" यावर. पाण्याचा मुद्दा एका वयस्क शेतकऱ्याने काढला होता. त्याला कुणी बोलू दिले नाही.

येत्या रविवारी पुन्हा ग्रामसभा आहे. त्याच रस्त्यावरच्या आणखी एका घराचा अर्ज आला आहे, या वेळी इटालियन जेवणाचा. मी त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन आले. त्याने विहिरीत दोरी सोडून पाणी मोजले आहे आणि मार्चपासूनचे आकडे शाळेच्या वहीत लिहून ठेवले आहेत. खानावळवाली बाईही येते म्हणाली. घरमालकाशी भाड्याचा जो कागद झाला होता तो तिच्याकडे आहे, तो ती आणणार आहे. भाची रविवारी सुट्टीवर नसते, पण तिने स्वयंपाकघराचा आराखडा कागदावर काढून दिला आहे. दरवाजा कुठे, शेगड्या कुठे, गॅसच्या टाक्या कुठे. तो मी सरपंचांच्या पुढे ठेवणार आहे.